पन्नीखालचे आलू

४ नोव्हेंबर

वाहेद टेलरने पन्नी आणून टाकली. त्याच्या पुतण्याने उन्हाळ्यात टरबुजाच्या वावरात अंथरली होती, त्यातला उरलेला तुकडा. प्लास्टिकची, वरून चंदेरी, खालून काळी. परसात पसरून पाहिली तर अख्खं परस चमकायला लागलं. शेजारच्या कोंबड्या ओरडत पळाल्या!

वाहेद म्हणे, "पंजाबभाऊ, या वयात कायले आलू लावता? बाजारात भेटत नाही का?"

म्हटलं, बसून बसून अंग आंबलं.

खरं कारण त्यालाही सांगितलं नाही. सारी उमर एस.टी. चालवली, मातीत हात घातला नाही. आता एकोणसत्तराव्या वर्षी घालतो आहे. नुसती पन्नी उलगडून दम लागला. उरलेलं उद्या.

५ नोव्हेंबर

उद्याचं आजही झालं नाही. कंबर धरली.

खरं कारण इथे लिहितो. इथे कोण वाचतं.

मयुरी — माझी सून. देवानंद जाऊन दोन वर्षं होऊन गेली. एकुलता एक पोरगा. मेहकर रोडला ट्रकने उडवला. त्यांना मूलबाळ नाही. माझी बायको अन्नपूर्णा त्याच्याही आधी गेली. बरं झालं, पोराचं पाहायला राहिली नाही. आता या घरात मयुरी अन् मी. सकाळी माझा चहा, नाश्ता, बीपीची गोळी, मग इथल्याच शाळेत शिकवायला जाते. संध्याकाळी आली की पुन्हा स्वयंपाकघर. तेहतीस वर्षांची पोर. दारात तिच्या चपलेचा आवाज आला की मलाच थकल्यासारखं होतं.

दसऱ्यानंतर हिंमतराव आले होते. आमच्या समाजातले, विहाराचं सगळं तेच पाहतात. बुलढाण्याचं स्थळ घेऊन आले. धम्मरत्न नाव. दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरी. बायको आजारात गेली. माणूस सालस, निर्व्यसनी. मला पटलं. मयुरीने एका वाक्यात मोडलं.

"अन् मामाजीले कोण पाहीन?"

संपलं! सगळ्यांचे डोळे माझ्यावर. जसा काही मी रस्त्यात आडवा पडलेला दगड.

म्हणून ठरवलं. मला कोणी पाहायची गरज नाही, हे तिला दिसलं पाहिजे. सांगून नाही, करून. स्वतःचं पिकवायचं, स्वतःचं शिजवायचं. आलूच का, तर मोबाईलवर पाहिलं — पन्नीखाली लावले की निंदण नाही, वाकणं नाही, पाणी बेताचं. म्हटलं, हे एकट्या म्हाताऱ्याचं पीक आहे.

८ नोव्हेंबर

लावले एकदाचे!

दोन दिवस वाफा करण्यात गेले. आपली काळी माती — कुदळ आत गेली की सोडत नाही. शेणखत मिसळलं, वाफा उंच केला, त्यावर ठिबकची जुनी नळी, तिच्यावर पन्नी, कडांवर माती दाबली. मोबाईलवाल्याने हे सगळं पाच मिनिटांत केलं होतं.

भोकं पाडायला वाहेद आला. टेलरकीचा खडू घेऊन आला! टेपने मापून खुणा केल्या, कातरीने गोल गोल भोकं कापली. "माप चुकलं का कपडा वाया," म्हणे. मी म्हटलं, वाहेदभाई, आलूले कुठं लग्नात जायचं हाय. ऐकलं नाही. कोट शिवायचा तेव्हाही असाच हळू शिवायचा.

बेण्याचे तुकडे केले, एकेकावर दोन-तीन डोळे. कापलेल्या बाजूला राख. प्रत्येक भोकात एक.

मयुरी शाळेतून आली. दारातूनच पाहत राहिली.

"मामाजी, परसाले रेनकोट शिवला का?"

वाहेद हसला. ती नाही हसली. माझे मातीचे कपडे उचलून धुवायला टाकले. म्हणजे मी तिचं काम वाढवलंच.

१३ नोव्हेंबर

काही नाही. पन्नी, भोकं, अन् माझे गुडघे.

१९ नोव्हेंबर

ती शाळेत गेल्यावर खिचडी लावली. पाणी किती घालायचं याचा अंदाज नाही. पहिल्यांदा कणी राहिली, पुन्हा पाणी घातलं तर लापशी झाली. तीच खाल्ली. कुकर घासून ठेवला.

संध्याकाळी तिने कुकर हातात घेऊन पाहिला. "तुमी घासला?" म्हटलं, हाव. तिने पुन्हा घासला.

पोळी जमणार नाही. भाकर तर नाहीच. खिचडी अन् आलूची भाजी — एवढ्यावर माणूस जगतो. पुष्कळ जगतात.

२८ नोव्हेंबर

कोंब आले!

पण सगळे भोकातून नाही. काही आंधळ्यासारखे भलतीकडे निघाले, पन्नीखालीच. वरून नुसते फुगवटे दिसतात. ऊन चढलं की खाली भट्टी होते, पानं करपतात. एकेक फुगवटा शोधायचा, बोट आत घालून कोंब धरायचा, अलगद भोकाकडे वळवून बाहेर काढायचा. त्यासाठी वाकावं लागतं. वाकणं नाही म्हणे!

सकाळ त्यातच गेली. मग पाटावर बसून राहिलो. कोणी हाक मारली असती तरी उठलो नसतो.

६ डिसेंबर

विहारात अभिवादनाला गेलो. मयुरी पांढऱ्या साडीत, मुलांच्या रांगा लावत होती. वंदना झाल्यावर हिंमतरावांनी बाजूला घेतलं.

"पंजाबराव, त्या मुलाच्या मनात अजून हाय. मी काय सांगू?"

म्हटलं, त्याला एकदा घरी येऊ द्या. लग्नाचं नाव काढायचं नाही.

"मंग कायले आला म्हनून सांगू?"

म्हटलं, आलू पाहायला.

१५ डिसेंबर

धम्मरत्न येऊन गेला. हिंमतराव सोबत होते, पण आल्या आल्या मुद्दाम कोणाकडे तरी निघून गेले.

चांगला आहे मुलगा. शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. स्वतःच लावलं असणार. मी त्याला परसात नेलं, आलू दाखवले. आता ढोपरभर झालेत, पन्नी जवळजवळ झाकली गेली. तोही बिचारा प्रत्येक झाडाकडे मन लावून पाहत होता. विषय तरी काय काढायचा!

मयुरीने चहा आणला. त्याने विचारलं, कोणत्या वर्गाला शिकवता. ती म्हणाली, पाचवीला. मग तिने विचारलं, दिवसभर रक्त पाहून कसंतरी नाही होत? तो म्हणाला, "रक्ताचं काही नाही. माणसं रिपोर्टची वाट पाहत बाहेर बसलेली असतात ना, त्यांच्याकडं पाहावत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. नीट बघितलं तिने. मला मनातून बरं वाटलं.

जाताना त्याने मला वाकून जयभीम घातला. मला देवानंद आठवला, अन् मी आत निघून आलो.

१६ डिसेंबर

ताट वाढताना —

"कालचा पाहुना आलू पाहाले आल्ता का मले?"

मी भाकर मोडत राहिलो.

"मामाजी, एकडाव सांगतलं ना मी. तुमाले सोडून मी कुठं जात नाही."

म्हटलं, मी माझं करतो की आता. खिचडी करतो. परसातलं पाहतो.

"दिसून राह्यलं," म्हणाली. बस. एवढंच.

३१ डिसेंबर

वर्ष संपलं. पाणी दिलं.

९ जानेवारी

थंडीने हाडं गारठलीत. सकाळी पन्नीवर दव असतं, हे माहीत होतं मला. तरी पाय दिला. एक झाड आडवं झालं होतं, ते सरळ करायचं होतं. चप्पल सटकली अन् उजव्या हातावर पडलो.

आवाज केला नाही. मयुरी आत डबा भरत होती. ती जाईपर्यंत तसाच ओल्या पन्नीवर बसून राहिलो. "जाते मी," तिने ओरडून सांगितलं. "ये," म्हटलं. आवाज साधा ठेवला.

मग मनगट सुजायला लागलं. डाव्या हाताने चहा केला. अर्धा सांडला.

हे डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर पाहा! बस झालं.

११ जानेवारी

सापडलो. काल जेवताना चमच्याने भात खाल्ला, तेवढ्यावरून ओळखलं तिने. हात ओढून पाहिला. चेहरा असा झाला की मला वाटलं आता मारते. आज शाळेत सुट्टी टाकून मेहकरला घेऊन गेली. हाडाला चीर आहे. प्लास्टर, दीड महिना.

येताना बसमध्ये खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "हेच ना तुमचं एकट्यानं राहनं?"

ज्या रस्त्यावर मी अख्खं आयुष्य गाडी चालवली, त्याच रस्त्यावर हात गळ्यात बांधून बसलो होतो. कंडक्टर ओळखीचा निघाला. म्हणे, साहेब, काय झालं? म्हटलं, आलू.

२१ जानेवारी

आता माझं सगळं तीच करते. केस विंचरून देते. पाणी काढून ठेवते. बुटाची नाडी बांधायला खाली बसते. शाळेआधी परसात पाणीसुद्धा तीच सोडते. जे काम मी तिच्या डोक्यावरून उतरवायला निघालो, ते दुप्पट करून ठेवलं.

शकीलाभाभी — वाहेदची बायको — दूध घेऊन आली होती. माझं रडगाणं ऐकून घेतलं. तिलाच पहिल्यांदा सगळं सांगितलं, आलूचं कारणसुद्धा. ती म्हणे, "भाऊ, तुमी एवढा बंदोबस्त करून राह्यले, पन मयुरीले बसवून कदी इचारलं का, तुले काय पाह्यजे म्हून?"

विचारायचं काय? दिसतं ना. तेहतीस वर्षांची पोर म्हाताऱ्याच्या नाड्या बांधते. याच्यात विचारायचं काय!

दूध प्यायलो अन् पडलो.

३ फेब्रुवारी

उंदीर! पन्नीखाली त्यांचा संसार आहे. वर थंडी, खाली ऊब, अन् खायला आलू. वाहेदने एका कोपऱ्यातून पन्नी उचलली तर सुळकन दोन गेले. माती पोकळ. त्याने काठी आपटली, मी एका हाताने टाळ्या वाजवल्यासारखं केलं. उपयोग काय.

दोघं म्हातारे धापा टाकत पायरीवर बसलो. वाहेद म्हणे, "शिलाई बरी होती. कपड्याले उंदीर तरी दुकान बंद झाल्यावर लागत."

२२ फेब्रुवारी

परवा प्लास्टर निघालं. हात वाळलेल्या शेंगेसारखा झालाय. आलूची पानंही पिवळी पडली होती, म्हणून आज काढायला घेतले.

पन्नी ओढली. खाली माती किती मऊ, अजून ओली. आलू वरच्या वरच होते, खणायची गरज नाही. तेवढं मात्र मोबाईलवाला खरं बोलला. पण काय निघालं? अर्धे उंदरांनी कोरलेले. भोकांजवळचे उजेड लागून हिरवे. काही सडलेले, पाणी जास्त झालं असणार. चांगले म्हणावे असे एक टोपलं भरलं नाही.

बसून राहिलो. मयुरी शाळेत होती. टोपल्याकडे पाहिलं अन् लाज वाटली. एवढे महिने, एक हात मोडला, अन् हे!

मग एक गोष्ट केली. बाजाराचा दिवस होता. पिशवी घेतली, जाऊन आलू घेऊन आलो, अन् टोपल्यात मिसळले. वर आपले, खाली बाजारचे. टोपलं काठोकाठ भरून दारात ठेवलं.

२३ फेब्रुवारी

पकडला गेलो. आलू धुवायला घेतले तिने, अन् परातीतलं पाणी पिवळं झालं.

"मामाजी, आपल्या परसात काळी माती हाय ना?"

म्हटलं, हाव.

"मंग हे आलू कोनत्या गावावून फिरून आले?"

मी तोंड फिरवलं. अन् ती हसली. देवानंद गेल्यावर तिचा असा आवाज या घरात ऐकला नव्हता. पदर तोंडाला लावून हसत राहिली. मलाही हसू आलं. मग थांबली. ओल्या हातानेच जवळ येऊन बसली.

"कायले करता हे सगळं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, कमी निघाले म्हणून वाईट वाटलं.

ती उठून गेली. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

२५ फेब्रुवारी

हिंमतरावांचा निरोप — धम्मरत्नाच्या घरचे आता थांबत नाहीत. चिखलीचं दुसरं स्थळ आलंय. हो किंवा नाही, लवकर कळवा.

खूप विचार केला. विचार करायचाही कंटाळा आला. दगड रस्त्यात आहे ना? मग दगडाने उठून जावं.

रेणुकाला फोन केला. माझी धाकटी बहीण, शेगावला स्टेशनजवळ राहते, मुलगा-सून नोकरीनिमित्त बाहेर. ती म्हणे, ये की दादा, कितीही दिवस राहा. मयुरीला सांगितलं, चार दिवस जाऊन येतो. हिंमतरावांना खरं सांगितलं — मी परत येणार नाही. मी नसताना तुम्ही धम्मरत्नाला घेऊन जा. आता ती कोणाचं नाव सांगेल?

मयुरीने पिशवी भरून दिली. त्यात स्वेटर घातलं. म्हटलं, स्वेटर कायले, थंडी गेली. म्हणाली, "चार दिवसाचा भरोसा नसते."

२८ फेब्रुवारी, शेगाव

इथे दिवसभर माणसांची रांग. दर्शनाला येणारे, जाणारे, रिक्षावाले, भक्तनिवासाचा पत्ता विचारणारे. एवढ्या गर्दीत मी ओसरीत खुर्ची टाकून बसतो. कोणालाच काही विचारायचं नसतं मला.

रेणुका मायेने करते. पण चहात साखर जास्त असते. सांगवत नाही.

झोपही येत नाही, जागही येत नाही.

५ मार्च, शेगाव

हिंमतरावांचा फोन आला. धम्मरत्नाला घेऊन गेले होते. मयुरीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. या वेळेस नाही म्हणाली नाही! म्हणाली, रविवारपर्यंत सांगते.

जमलं वाटतं. मग छाती का भरून येते आहे? आनंदाने असेल. रेणुका म्हणे, दादा, चेहरा असा काऊन? म्हटलं, साखर जास्त झाली.

९ मार्च, खामगाव बसस्टँड

मयुरी सकाळीच शेगावला आली. एकटी. पाणी प्यायली अन् उभ्या उभ्या बोलली.

"मामाजी, मी तुमच्यासाठी राह्यली नाही तिथं. मले दुसरं लगनच नाही करायचं. पन तसं सांगतलं का लोकं ऐकत नाहीत, समजावत बसतात. तुमचं नाव घेतलं का चूप होतात. म्हनून घेत होती. धम्मरत्नले काल मीच फोन करून सांगतलं. चांगला मानूस हाय, त्याले खोट्यात ठेवावं वाटलं नाही."

हातातला चहाचा कप मी खाली ठेवला.

"मले वाटलं, तुमीच मले घरातून काढून राह्यले. खिचडी काय, पाहुने काय, मंग तुमीच निंगून आले. शाळेजवळ एक खोली पाहून ठेवली मी. तुमाले नको असन मी, तर तसं सांगा. जाते."

रेणुका दारात उभी राहून रडायला लागली. मी स्वेटर पिशवीत कोंबलं अन् चपला शोधायला लागलो.

मेहकरची गाडी अजून लागली नाही. ती माझ्या शेजारी बाकावर बसल्या बसल्या झोपली आहे. किती दमलेली दिसते! ही गाडी आली तरी सोडून देऊ. पुढची असेलच.